आधी तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल

सिस्टर, नमस्कार.

आम्ही नंदनवनला राहतो. माझी मुलगी यंदा नववीत गेली, तिला १३ पूर्ण झाली. मागच्या महिन्यात ताप आला म्हणून धंतोलीच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लस आता देऊन टाका. घरी सांगितलं आणि झालं सुरू. सासूबाई म्हणतात, ‘पोरीचं लगन नाही झालं अन् आतापासून हे काय लावलं तुमी? असले रोग तसल्या बायांले होतात. आपल्या घरात तसलं काही नाही.’ खरं म्हणजे त्यांची धाकटी बहीण, काटोलच्या मावशी, पिशवीच्याच कॅन्सरने गेल्या असं मी ऐकून आहे. पण तो विषय घरात कोणी काढत नाही. नणंदेने व्हॉट्सॲपवर पाठवलं की या लशीने मुलींना पुढे मूलबाळ होत नाही, आणि मागे काही मुली मेल्यासुद्धा. आमचे हे खर्रा घोटता घोटता म्हणाले, अंगात बाहेरची वस्तू कशाला घालायची! मला लस द्यावीशी वाटते, पण उद्या काही झालं तर सगळे माझ्याच नावाने बोलतील. आणि मुलीला काय सांगू? तापाची लस आहे म्हणून देऊन टाकू का? मला दहा वर्षांचा मुलगाही आहे, त्याला लागत नाही ना?

बाकी माझं ठीक आहे, वय ३९. चार-पाच महिने झाले, संबंध आला की दुसऱ्या दिवशी थोडं लाल दिसतं, पण ती उन्हाळ्याची उष्णता असेल.

एक आई, नागपूर

*

ताई,

मुलीसाठी दीड पान आणि स्वतःसाठी एक ओळ. तीही ‘बाकी माझं ठीक आहे’च्या मागे लपवलेली. बायकांच्या ओपीडीत माझी पस्तीस वर्षं गेली. तिथे एक गोष्ट पक्की कळली. बाई खुर्चीवर बसून जे सांगते ते ऐकायचंच, पण उठून, पदर सारखा करून, दाराशी गेल्यावर ‘अन् हो सिस्टर…’ म्हणून जे बोलते त्याला जास्त कान द्यायचा. म्हणून तुमच्या पत्राचं उत्तर मी खालून वर देते.

उष्णता म्हणता. पत्र मे महिन्यातलं आहे आणि त्रास चार-पाच महिन्यांचा. म्हणजे सुरुवात झाली डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा नागपुरात आपण स्वेटर घालून शेगडीजवळ बसलो होतो, बाई. कुठली आली उष्णता?

संबंधानंतर रक्त दिसणं म्हणजे कॅन्सरच, असं अजिबात नाही. पुष्कळदा पिशवीच्या तोंडाला सूज असते, जंतुसंसर्ग असतो, एखादा छोटा कोंब आलेला असतो, आणि थोड्या उपचाराने काम होतं. पण हे असं लक्षण आहे की आतून बघितल्याशिवाय कोणीही, अगदी मीसुद्धा, ‘काही नाही’ म्हणू शकत नाही. याच आठवड्यात जा. डागा आहे, मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानकडे एम्स आहे, नाहीतर तुमच्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ. तिथे गेल्यावर ‘कमजोरी आहे’, ‘अंगावरून जातं’ असं गोलगोल बोलू नका. कमजोरी म्हटलं की लाल गोळ्या मिळतात आणि तुम्ही घरी येता. सरळ सांगा, ‘संबंधानंतर रक्त दिसतं, पाच महिन्यांपासून.’ एवढं वाक्य पाठ करून जा. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवा, मी अशा कितीतरी चिठ्ठ्या वाचल्या आहेत. आणि न तपासताच गोळ्या लिहून देऊ लागले तर विचारा, ‘आतून बघणार का?’

आणखी एक. कोणी पहिल्याच भेटीत ‘वय झालं, मुलं झाली, पिशवी काढून टाका’ म्हणालं, तर उठून या. आपल्याकडे पिशवी म्हणजे जुनी थैली असल्यासारखं बोलतात. तोंडाशी काय आहे याची तपासणी, गरज पडली तर छोटा तुकडा काढून तपासणं, हे आधी. आत कॅन्सर असताना साधं ऑपरेशन करून पिशवी काढली आणि मग रिपोर्ट आला, तर पुढचे उपचार फार अवघड होऊन बसतात.

आता लेकीकडे येते.

तुम्ही ‘पिशवीच्या तोंडाचा’ असं बरोबर लिहिलंत, बहुतेक जण नुसतं ‘पिशवीचा’ म्हणतात. गर्भाशयाचं हे तोंड योनीत उतरलेलं असतं. तिथल्या पेशींना ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा विषाणू लागतो. हाताच्या बोटांवर चामखीळ येते ना, तीही याच घराण्यातल्या दुसऱ्या विषाणूंमुळे. घराणं मोठं आहे, दोनशेच्या वर भावंडं. त्यातली चौदाएक वाईट चालीची, आणि त्यांतही १६ आणि १८ नंबरची दोन सगळ्यात खोडकर: पिशवीच्या तोंडाचे शंभरातले सत्तर कॅन्सर या दोघांमुळे होतात. हे शोधून काढणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञाला, हाराल्ड त्सुर हाउझेन यांना, २००८ मध्ये नोबेल मिळालं. एखाद्या कॅन्सरचं मूळ इतकं स्पष्ट हाती लागणं ही दुर्मिळ गोष्ट आहे, म्हणून तर त्यावर लस करता आली.

विषाणू जातो शारीरिक संबंधातून, कातडीला कातडी लागून. संबंध सुरू झालेल्या बहुतेक बायका-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी भेटतोच. ताप नाही, खाज नाही, काही नाही. दहातल्या नऊ जणींच्या अंगातून दोन वर्षांच्या आत आपोआप निघूनही जातो. एखादीच्या अंगात मात्र मुक्काम ठोकतो, आणि पंधरा-वीस वर्षं हळूहळू पेशी बिघडवत राहतो. म्हणून हा रोग चाळिशी-पन्नाशीत दिसतो, आणि त्याची सुरुवात झालेली असते विशी-पंचविशीत.

सासूबाई विचारतात, लग्नाआधी कशाला? त्याचं उत्तर या हिशेबात आहे. लस आलेल्या विषाणूला हाकलत नाही, तो यायच्या आधी दाराला कडी लावते. इंग्लंडमध्ये २००८ पासून शाळांमधून ही लस देतात. २०२१ मध्ये त्यांनी हिशेब मांडला. १२-१३ व्या वर्षी लस देऊ केलेल्या मुलींच्या पिढीत हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाला. १४ ते १६ मध्ये दिलेल्यांत ६२ टक्क्यांनी. आणि १६ ते १८ मध्ये दिलेल्यांत फक्त ३४. लस तीच, नर्स तीच, उशीर तेवढा वेगळा. स्कॉटलंडचा अभ्यास २०२४ मध्ये आला: १२-१३ व्या वर्षी लस पुरी झालेल्या मुलींमध्ये एकही केस सापडली नाही. एकही. मी हे वाचलं तेव्हा चष्मा काढून परत घातला. माझ्या नोकरीच्या दिवसांत असं वाक्य वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायांना हा कॅन्सर झाला आणि ८० हजारांच्या आसपास गेल्या, असा जागतिक अंदाज आहे.

आता सासूबाई. ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट काटोलच्या मावशींची आहे. मला वाटतं तुम्ही सासूबाईंना थोडं चुकीचं वाचलंय. त्या लशीच्या विरोधात नाहीत, त्या बहिणीच्या नावाची राखण करताहेत. ‘असले रोग तसल्या बायांले होतात’ हे वाक्य त्यांनी कुठून आणलं असेल? मावशी गेल्या तेव्हा मयतीला आलेल्या कोणीतरी कुजबुजलं असेल. तेव्हापासून तो विषय बंद. आता तुम्ही म्हणता, हा रोग संबंधातून येणाऱ्या विषाणूमुळे होतो आणि त्याची लस नातीला द्यायची. हे त्यांनी कबूल केलं, तर त्यांच्या मनात मावशींवरचा तो जुना ठपका खरा ठरतो. मग त्या कशा हो म्हणतील?

एकदा दुपारी, दोघीच असाल तेव्हा, त्यांना लशीबद्दल काही न बोलता विचारा, ‘आई, मावशींचं लगन किती वर्षांच्या होत्या तेव्हा झालं? बाळंतपणं किती झाली?’ बहुतेक उत्तर येईल, पंधरा-सोळा, आणि पाच नाहीतर सात. मग सांगा. कमी वयात संबंध सुरू होणं आणि बाळंतपणं जास्त होणं, या दोन्हींनी या कॅन्सरचा धोका वाढतो. आयुष्यात एकच पुरुष, तोही लग्नाचा नवरा, एवढ्यावर हा विषाणू येतो. त्या नवऱ्यालाही पत्ता नसतो, कारण पुरुषाला त्याचं काही दिसत नाही. मी पाहिलेल्या पेशंटांत बहुतेक अशाच होत्या, उपासतापास करणाऱ्या, दारात रांगोळी घातल्याशिवाय चहा न पिणाऱ्या. सासूबाईंना हे कोणीतरी सांगायला हवं होतं, तीस वर्षांपूर्वी. तेव्हा आम्हीच नीट सांगत नव्हतो.

माझ्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई होत्या, साठीच्या. पाळी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती आणि पुन्हा लाल दिसायला लागलं. त्यांना वाटलं अंगात ताकद आली म्हणून पाळी परत आली. दीड वर्ष त्यांनी तसंच काढलं. आमच्याकडे आल्या तेव्हा स्रावाला इतका वास होता की सून खाटेच्या पायाशी अगरबत्ती लावून ठेवायची. मी रागावले, वॉर्डात ऑक्सिजन आहे, जाळायचं काही चालत नाही. तर त्या बाईंनी माझा हात धरला. ‘राहू द्या ना सिस्टर. नाहीतर नातू जवळ येत नाही.’ मी अगरबत्ती विझवली. दुसऱ्या दिवशी घरून निलगिरीच्या तेलाची बाटली नेली आणि कापसाचे बोळे करून उशाशी ठेवले. दुसरं काय करणार होते? काटोलच्या मावशींचे शेवटचे दिवस सासूबाईंनी जवळून पाहिले असतील, तर अगरबत्तीचं त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

नणंदेच्या मेसेजमध्ये दोन गोष्टी आहेत. एक साफ खोटी, दुसरी अर्धी खरी. अर्धी खरी जास्त त्रास देते.

मूल होत नाही हे खोटं. या लशीत विषाणू नसतोच, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. विषाणूच्या बाहेरच्या सालीचं प्रथिन तेवढं बनवतात, आणि ते गोळा होऊन विषाणूसारखी दिसणारी पोकळ गोळी होते. अख्खं संत्रं समजा, साल तीच, रंग तोच, आत फोडी नाहीत आणि बी तर नाहीच. रुजणार काय? शरीर ती साल ओळखायला शिकतं आणि खरा विषाणू आला की दारातच धरतं. २००६ पासून जगभर कोट्यवधी डोस दिले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी वंध्यत्वाचा मुद्दा वेगळा काढून तपासला, संबंध सापडला नाही. उलट पिशवीच्या तोंडाच्या बिघडलेल्या पेशी पुन्हा पुन्हा कापाव्या लागल्या, तर पुढे गरोदरपणात दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. नणंदेला नातवंडांची काळजी असेल तर लशीच्या बाजूने बोलायला हवं.

मुली गेल्या, हे मात्र घडलं होतं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत बडोद्याकडे हजारो मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्या काळात त्यांतल्या सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळं थांबवलं. चौकशीत निघालं की कोणी पाण्यात बुडून गेली होती, कोणी साप चावून, कोणी कीटकनाशक पिऊन, कोणी मलेरियाने. लशीशी संबंध लागला नाही. पण त्याच चौकशीत दुसरं जे बाहेर आलं ते लाजिरवाणं होतं. आदिवासी वसतिगृहांतल्या पुष्कळ मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या जागी वॉर्डनच्या सह्या होत्या. लस कशाची, कशासाठी, हे घरच्यांना कोणी धड सांगितलंच नव्हतं. लोक भडकले ते उगाच नाही. संसदेच्या समितीनेही २०१३ मध्ये कडक शब्दांत सुनावलं.

या गोष्टीला एक शेपूट आहे, ते व्हॉट्सॲपवर येत नाही. त्याच वेळी देशात दुसरीकडे एक मोठा अभ्यास चालू होता. आपल्या महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि बार्शीलाही. तो पण थांबवला गेला. त्यामुळे हजारो मुलींना ठरलेल्या डोसांऐवजी एकच डोस मिळाला आणि बाकीचे राहून गेले. डॉक्टरांनी त्या मुलींचा पिच्छा सोडला नाही, दहा वर्षं त्यांना तपासत राहिले. २०२१ मध्ये निकाल आला: १६ आणि १८ नंबरच्या विषाणूंचा टिकून राहणारा संसर्ग एका डोसनेही जवळजवळ तितकाच रोखला होता, ९५ टक्क्यांच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे बार्शीकडच्या त्या पोरींचा मोठा हात आहे.

याच कारणासाठी मुलीला ‘तापाची लस’ सांगू नका. खम्ममला जे चुकलं तेच आपण घरात कशाला करायचं? नववीतली मुलगी आहे, दंडाला सुई टोचून बाहेर आली की तुमच्याच मोबाइलवर नाव टाकून पाच मिनिटांत सगळं वाचेल. मग तिला दोन गोष्टी कळतील, लस कशाची ते, आणि आई खोटं बोलली ते. पाळीचं तिला सांगितलंत ना? मग हे त्यापेक्षा सोपं आहे. तुमच्या बोलण्यात काहीसं असं: ‘बाळ जिथे वाढतं त्या पिशवीला एक तोंड असतं. मोठं झाल्यावर, जोडीदाराशी संबंध आल्यावर, तिथे एक विषाणू येऊ शकतो आणि खूप वर्षांनी कॅन्सर करू शकतो. लस आत्ता घेतली तर शरीर नीट शिकतं, तुझ्या वयात सगळ्यात छान शिकतं. आजीच्या बहिणीच्या वेळी ही लस नव्हती. तुझ्या वेळी आहे.’ बास. ती प्रश्न विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्या. बहुतेक मुलींचा पहिला प्रश्न ‘खूप दुखते का?’ हाच असतो. थोडी दुखते, असं खरं सांगा. लस घेतली म्हणजे मुलगी ‘मोकळी सुटते’ अशी भीती कोणी बोलून दाखवली, तर विचारा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्यावर कोणी मुद्दाम गंजका खिळा शोधत फिरतं का?

तुमच्या ह्यांना मात्र मी जरा तिरकं उत्तर देणार आहे. अंगात बाहेरची वस्तू नको म्हणतात, छान. सुपारी, तंबाखू अन् चुना पन्नीत घोटून दिवसातून किती वेळा गालात धरतात, ते मोजायला सांगा. आणि तुमच्यासमोर तोंड उघडायला लावा. आपली तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये जातात का बघा. जात नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा-लाल चट्टा असेल, तिखट भाजी झोंबत असेल, तर त्यांचाही नंबर लावा. तिशीनंतरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. तर्री-पोहे झोंबून राहिले असं म्हणत असतील, तर थांबू नका.

व्यवहाराचं सांगते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली. ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर चालते. एका डोसची किंमत २,००० रुपयांच्या आसपास धरा. नऊ प्रकारांवरची परदेशी लस १०,००० च्या घरात जाते. ऐपत असेल तर घ्या, नसेल तर अजिबात हुरहुर नको, मोठे दोन गुंड दोन्हींत अडवले जातात. पैसे मोजण्याआधी आशाताईंना किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा, तुमच्या मुलीच्या वयाला मोफत डोस मिळतो का. फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी ९ ते १४ वयाच्या मुलींच्या या लसीकरणाचं नाव घेतलं होतं. सरकारी एक डोस मिळाला तरी तो कमी प्रतीचा समजू नका. खासगीत आपले डॉक्टर १५ च्या आत असेल तर दोन डोस देतात, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरावा वाढदिवस उलटला की तीन. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण लोळायला नाही. माझं मत विचाराल तर, दुसऱ्या डोसचे पैसे नंतर बघू म्हणून पहिला अडवून ठेवू नका.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर सुटीत उरकून घ्या. उपाशी नेऊ नका. या वयाच्या मुली सुई बघूनच घेरी येऊन पडतात, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. नातेवाईक घाई करतात, तुम्ही बसा. दंड दुखेल, सुजेल, एखाद दिवस कणकण येईल. पाळी चालू असली तरी लस चालते. जास्त ताप असेल तर बरी झाल्यावर न्या. आधी कुठल्या लशीने अंगावर मोठी रिॲक्शन आली असेल किंवा यीस्टची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. कार्डाचा फोटो काढून ठेवा, कार्डं हरवतातच. मुलगाही ही लस घेऊ शकतो, ९ वर्षांपुढे मुलग्यांनाही ती मंजूर आहे, त्यांना होणारे घशाचे काही कॅन्सर आणि गुप्तांगावरच्या चामखिळी टळतात. हात आखडता असेल तर आधी ताई, मग भाऊ.

आणि लस घेतली तरी मुलीला तिशीनंतर तपासणी लागेलच, कारण सगळे प्रकार लशीत नाहीत. तेव्हा तिच्या आईनेही करून घेतलेली असली पाहिजे, म्हणून पुन्हा तुमच्याकडे वळते. तुम्हीच लस घेऊ का, असं मनात आलं असेल. ३९ व्या वर्षी लशीपेक्षा तपासणीच कामाची. रक्त दिसण्याचं कारण सापडून ते मिटलं की पुढे ठरावीक वर्षांनी तपासत राहायचं. आरोग्य केंद्रात ३० ते ६५ च्या बायांची पाच वर्षांतून एकदा साधी तपासणी करतात. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचंच भावंड. मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशी असतील तर गुलाबी तोंडावर दुधाची साय धरल्यासारखा पांढरा डाग उठतो. मी तो डाग कित्येकदा पाहिला आहे, आणि दर वेळी मला भीतीऐवजी हायसं वाटलं, कारण डागाच्या अवस्थेत थंड उपकरणाने तो भाग गोठवून किंवा गरम उपकरणाने जाळून बाई त्याच दिवशी घरी जाते. एचपीव्हीची थेट चाचणी त्याहून चांगली. आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला. ज्यांची आयुष्यात एकदाच ही चाचणी केली, त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. खेड्यापाड्यातल्या बाया होत्या त्या, तुमच्या-माझ्यासारख्याच लाजणाऱ्या.

पण हे सगळं तक्रार नसलेल्या बाईसाठी. तुम्हाला तक्रार आहे, म्हणून शिबिराची वाट बघू नका, सरळ स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत जा. पाळी संपल्यानंतरचे दिवस गाठता आले तर बरं, आदले दोन दिवस संबंध नको, आतून काही औषध लावू नका. सोबत सासूबाईंना न्या. त्यांचंही वय ६५ च्या आत असेल तर त्यांचीही तपासणी होऊन जाईल, आणि बाहेर बाकावर नंबरची वाट बघताना मावशींचा विषय निघायला तासभर मिळेल. केस पेपर सकाळी लवकर काढा, दुपट्टा बांधून जा आणि अकराच्या आत घरी या. त्यानंतर बाहेर खरोखरची उष्णता असते.

तुमची सिस्टर